रकान्यातलं शून्य

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. ताई मला लहानपणापासून ठिणगी म्हणते, आणि ते लाडाचं नाव नाही, घरच्यांसाठी सावधगिरीची सूचना आहे. त्या सोमवारी सकाळी अकराला ताईचा फोन आला तेव्हा मी आधीच कुणावर तरी चिडलेली होते. कुणावर, ते आता आठवतही नाही.

"तू तो जगाचा नकाशा केलायस ना?" ताईने विचारलं. "पूर, वादळं, वणवे, सगळं दाखवणारा?"

"हो. का गं?"

"त्यात आपल्या शहरावर बोट ठेवलं की काय येतं?"

मी म्हटलं, बघून सांगते. खरं म्हणजे मी आपल्या शहरावर कधी बोट ठेवलंच नव्हतं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाच्या बेटांवर ठेवलं होतं, बर्फाच्या प्रदेशांवर ठेवलं होतं. आपल्या शहराला मी वर्षभर वळसा घालत होते.

"शून्य येतं," ताई म्हणाली. "उष्णतेमुळे मृत्यू, शून्य. मॅनेजर कागदावर छापूनच घेऊन आला होता. आपल्या शहराभोवती लाल पेनाने गोल काढलेला. कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, हा बक्षीस मिळालेला नकाशा आहे, शाळांमधून शिकवतात. इथे उष्णतेने कोणी मेलेलंच नाही, मग इस्त्रीखाना बंद कशासाठी ठेवायचा?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करते. तळघरात धुलाई, वरच्या मजल्यावर इस्त्रीखाना. इस्त्रीखाना म्हणजे पत्र्याच्या छताखालची एक लांब खोली, तिच्यात वाफेवर चालणारी सहा प्रेस मशीनं, आणि खिडक्या पक्क्या बंद, कारण धूळ आली तर चादरी पुन्हा धुवाव्या लागतात. भावजी तिथे तीन नंबरच्या मशीनवर होते. गेल्या उन्हाळ्यात, बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं त्या आठवड्यात, दुपारी तीनच्या सुमाराला ते मशीनपाशीच खाली बसले. सोबतच्यांना वाटलं पाणी पितायत. ते परत उठले नाहीत. हॉस्पिटल पायाशी, दोन मजले खाली, आणि माणूस वाचला नाही.

दाखल्यावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. मी त्या डॉक्टरला विचारलं होतं, हृदय बंद न पडता मेलेला एखादा माणूस दाखवा मला. त्याने मला बाहेर बसायला सांगितलं.

आणि त्यानंतर त्या लोकांनी काय करावं? तीन नंबरच्या मशीनवर ताईलाच उभं केलं. ती आधी घड्या घालायच्या खोलीत होती. "काम माहितीच्या माणसाला द्यावं," असं म्हणे मॅनेजर म्हणाला. आता पुन्हा उन्हाळा आला होता. ताईला दोनदा भोवळ आली होती. इस्त्रीखान्यातल्या अकरा जणींनी मिळून कामगार कार्यालयात अर्ज दिला होता, की दोन महिने दुपारी बारा ते चार ही खोली बंद ठेवा, हवं तर आम्ही पहाटे लवकर येतो. एवढीच मागणी. कुणी आकाशातला चंद्र मागत नव्हतं.

"गुरुवारी पुन्हा बोलावलंय," ताई म्हणाली. "बाई म्हणाल्या, या कागदाला उत्तर असेल तर आणा. तू बघ ना, कोणत्या शहाण्याने ते शून्य टाकलंय."

"बघतेच," मी म्हटलं. "त्याला असा धरते की जन्मात शून्य लिहिणार नाही."

फोन ठेवला आणि कामाला लागले.

आता नकाशाबद्दल थोडं सांगायला हवं. एका मोठ्या संस्थेने आमच्या ऑफिसला काम दिलं होतं, की गेल्या चाळीस वर्षांतल्या हवामानाच्या आपत्ती लोकांना हाताळता येतील अशा दाखवा. खाली वर्षांची पट्टी, ती ओढली की जगभर ठिपके फुलतात, विझतात. पूर निळे, वादळं जांभळी, वणवे केशरी, उष्णतेच्या लाटा लाल. जितकी माणसं मेली तितका ठिपका मोठा. एखाद्या जागी बोट ठेवलं की चौकट उघडते आणि आकडा येतो. माणसं मेली नसली तर जागा फिकट हिरवी. तो हिरवा रंग ठरवायला आम्हाला तीन दिवस लागले होते. डोळ्यांना शांत वाटणारा हवा होता.

आकडे आमचे नव्हते. ते संशोधकांच्या एका गटाने गोळा केलेले, लाखो ओळींची फाइल. म्हणून मला खात्री होती की दोष तिकडचाच. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक, आपल्या शहरात कधी पाऊल ठेवलं नसेल, आणि खुशाल शून्य लिहून मोकळे. त्यांना पाठवायचं पत्र माझ्या डोक्यात तयारही झालं होतं, आणि त्यातले काही शब्द छापण्यासारखे नव्हते.

मूळ फाइल उघडली. आपलं शहर शोधलं. गेल्या वर्षीचा उष्णतेचा रकाना बघितला.

तिथे शून्य नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. रकाना रिकामा होता.

नुसता तोच नाही. त्याच्या वर, खाली, शेकडो शहरं, सगळे उष्णतेचे रकाने रिकामे. आणि फाइलच्या पहिल्याच पानावर त्या लोकांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: रिकामा रकाना म्हणजे नोंद मिळालेली नाही, कृपया शून्य समजू नये. बिचाऱ्यांनी कृपया म्हटलं होतं.

म्हणजे पाणी आमच्याच ऑफिसात मुरत होतं. मग मला वाटलं, हे गुळगुळीतचं काम. गुळगुळीत म्हणजे आमचा साहेब. त्याला सगळं गुळगुळीत हवं असतं. ठिपका उमलताना अडखळला तर तो खुर्चीतून उठून येतो. मग वाटलं, रंगांचं काम बघणारी ती नवी मुलगी असेल. मनातल्या मनात मी दोघांनाही यथेच्छ झोडपलं.

आमच्याकडे नकाशा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कोणत्या दिवशी लिहिली, हे संगणक लक्षात ठेवतो. मी ती ओळ शोधली. एकच ओळ होती, जिथे जिथे रिकामं तिथे तिथे शून्य भर, असं सांगणारी. तिच्या वर एक टीप होती, आणि ती मराठीत होती. ऑफिसात टिपा मराठीत लिहिणारी मी एकटीच.

"भोकं दिसतात. शून्य भरून टाकलं. आता छान पळतंय."

खाली तारीख होती. भावजी गेल्यानंतरचा एकविसावा दिवस.

मला सगळं आठवलं. पट्टी ओढली की रिकाम्या जागी ठिपका मधेच गायब व्हायचा आणि चौकटीत काहीतरी भलतंच उमटायचं. संस्थेचे लोक दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. मी वीस दिवस ताईकडे राहून त्याच सकाळी कामावर परतले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि हे एकदाचं नीट पळूदे इतकंच मला हवं होतं. तो ठळक मजकूर मी वाचलाही होता. वाचला आणि म्हटलं, नंतर बघू.

मला कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि समोर कुणीच नव्हतं. मी उठून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि स्वतःला जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. बाहेर आले तेव्हा नवी मुलगी दाराशी उभी होती. तिने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "नाही." ती बाजूला झाली.

दुरुस्ती करायला अर्धा तास लागला. रिकामं ते रिकामं ठेवलं आणि त्याला राखाडी रंग दिला. चौकटीत लिहिलं, "नोंद नाही. याचा अर्थ कोणी मेलं नाही असा होत नाही." मग उष्णतेचा भाग उघडून बघितला. हिरवं जग जवळजवळ सगळं राखाडी झालं होतं. वर्षभर लोक त्या हिरव्याकडे बघून समाधानाने मान डोलावत होते, आणि तिथे कुणी काही मोजलेलंच नव्हतं.

ते घेऊन मी साहेबाच्या खोलीत गेले. नवीन काही लोकांसमोर आणायचं तर त्याची परवानगी लागते, किल्ली त्याच्याकडे. त्याने पट्टी दोनदा ओढली.

"हे खराब दिसतंय," तो म्हणाला.

"खरं आहे ते."

"खरं असेल, पण आजारी वाटतंय. पुढच्या आठवड्यात संस्थेचा कार्यक्रम आहे. पडद्यावर हे राखाडी लावायचं? पुढच्या आवृत्तीत बघू. तोवर खाली एक तळटीप टाक, बारीक अक्षरात."

"सर, आपल्या या शून्यामुळे एका खोलीत अकरा बायका भाजतायत. त्यातली एक माझी सख्खी बहीण आहे. गुरुवारी त्यांची सुनावणी आहे."

"ते वाईट आहे," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, हा या माणसाचा सगळ्यात संतापजनक भाग आहे. "पण आपला नकाशा वकिलीसाठी केलेला नाही. कोणी कसा वापरतो त्याला आपण काय करणार?"

"म्हणजे आपण कानांवर हात ठेवायचे."

"चूक झाली असं बाहेर गेलं तर बक्षीस परत मागतील. आणि ती ओळ कुणाची आहे, तेही बाहेर येईल." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. म्हणजे त्याला माहिती होतं. "गुरुवारी तिथे ऑफिसच्या नावाने एक अक्षर बोलायचं नाही. समजलं?"

मी दार आपटलं. काचेचं दार आहे, ते हळूहळूच बंद होतं. आपटण्याचंही सुख नाही त्या ऑफिसात.

बुधवारी संध्याकाळी ताईकडे गेले. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले होते. ती पाय बादलीत घालून बसली होती. हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत वाफेचे लाल पट्टे. भावजी होते तेव्हा घरातला एकूणएक कपडा कडक इस्त्रीचा असायचा. आता पडदेसुद्धा चुरगळलेले होते. दिवसभर तेच करून घरी पुन्हा इस्त्री हातात धरवत नाही, असं ती म्हणायची.

"ये," ती म्हणाली. "सगळ्याजणींना सांगून ठेवलंय मी. माझी ठिणगी येणार आहे म्हटलं, त्या मॅनेजरची बोलती बंद करेल. सापडला का तो?"

"कोण?"

"शून्यवाला."

मी तोंड उघडलं. तिने बादलीतला एक पाय उचलून बघितला आणि परत पाण्यात ठेवला. घोटा सुजला होता.

"शोधतेय," मी म्हटलं.

"सापडेल. तुझ्या तावडीतून कोण सुटलंय."

मी बादलीत आणखी एक तांब्या पाणी ओतलं. जगाला तोंडावर सुनावणारी मी, आणि सख्ख्या बहिणीला एवढं एक सांगितलं नाही. घरी परतताना बसमध्ये एकाचा मला नुसता धक्का लागला म्हणून मी त्याला इतकं सुनावलं की पुढच्याच थांब्यावर तो उतरून गेला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

गुरुवारी अकराला सुनावणी होती. कामगार कार्यालयातली खोली लहान, भिंतीला टेकून कपाटं, एक पंखा, टेबलापलीकडे अधिकारी बाई आणि त्यांच्या शेजारी टंकलेखक. ताई आणि तिच्याबरोबरच्या चौघी एका बाकावर. मॅनेजर दुसऱ्या बाकावर, समोर तोच कागद, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला. माणसाने स्वतःच्या आईचा फोटोही इतका जपला नसेल.

बाईंनी विचारलं, "या कागदावर तुमचं काय म्हणणं आहे?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. म्हटलं, तो नकाशा मी काम करते त्या ऑफिसचा आहे आणि त्यातलं शून्य खोटं आहे. मूळ फाइलचं पान छापून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. रिकामा रकाना दाखवला. ठळक अक्षरांतली ओळ वाचून दाखवली.

बाई चष्मा सरसावून बघत राहिल्या. "म्हणजे मुळात इथे काहीच लिहिलेलं नाही."

"नाही. कुणी मोजलंच नाही."

"मग नकाशात शून्य कुठून आलं?"

"ते आमच्या ऑफिसात भरलं गेलं."

"भरलं गेलं म्हणजे? कुणीतरी भरलं असेल ना. कुणी?"

इथे मला सुटता आलं असतं. चौघांनी मिळून केलेलं काम आहे, नक्की सांगता येणार नाही, असं म्हटलं असतं तर बाईंनी पुढचा प्रश्न विचारला असता. बाकावरच्या चौघींच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. ताई किंचित पुढे सरकून बसली होती, चोराचं नाव ऐकायला.

"मी भरलं," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः. नकाशात भोकं दिसत होती. ती दिसू नयेत म्हणून. शून्य समजू नका असं लिहिलेलं मी वाचलं होतं, तरीही भरलं."

"केव्हा?"

मी तारीख सांगितली. बाईंनी ती टंकलेखकाला सांगितली, त्याने पुन्हा विचारली, मी पुन्हा सांगितली. ताईकडे बघायचं धाडस माझं झालं नाही. पण तिची बोटं मला दिसत होती. मांडीवर ती एकेक बोट दुमडत दिवस मोजत होती.

मॅनेजर उठला. "मॅडम, ही यांची बहीण आहे. आज सोयीचं आहे म्हणून बोलतेय. हिच्यावर कसा विश्वास ठेवायचा?"

"अहो, तुमचा कागदच हिने केलाय," बाई म्हणाल्या. "तो खरा मानायचा तर हिलाही खरं मानावं लागेल, आणि ही खोटी तर कागदही गेला. तुम्हीच ठरवा काय हवंय."

तो बसला. बाईंनी त्याला विचारलं, इस्त्रीखान्यातल्या तापमानाची नोंद कुठे आहे? तो म्हणाला, तशी पद्धत नाही. गेल्या वर्षी एक माणूस कामावर असताना गेला, त्यानंतर तरी ठेवली का? तो म्हणाला, तो हृदयविकार होता. मग खोलीत थर्मामीटर आहे का, यावर तो म्हणाला, बघावं लागेल. तेव्हा बाकावरच्या चौघींपैकी एक, सगळ्यात मोठी, बसल्या जागेवरूनच म्हणाली, "नाहीये. आम्ही मागितला होता. म्हणाले, आकडा बघितला की तुम्हाला जास्त गरम होईल." बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

हुकूम तिथल्या तिथे झाला. खोलीत दोन थर्मामीटर लावायचे, रोज दर तासाला नोंद करायची, आणि उन्हाळा संपेपर्यंत दुपारी बारा ते चार इस्त्रीखाना बंद. अंमल उद्यापासून. मॅनेजरने पिशवीतला कागद परत मागितला. बाई म्हणाल्या, "तो राहू दे. लागेल."

बाहेरच्या जिन्यात चौघींनी मला घेरलं. मोठीने माझ्या पाठीवर थाप मारली. "नोकरी जाईल ना गं तुझी?" मी म्हटलं, बहुतेक. फोन खिशात सारखा थरथरत होता, साहेबाशिवाय कोण असणार. त्या खाली उतरल्या. ताई दोन पायऱ्या वर, कठड्याला धरून उभी होती.

"एकविसावा दिवस," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी तू माझ्याकडून गेलीस. तू जात नव्हतीस. मीच म्हटलं, जा, कामात मन रमेल."

"हो."

"आणि तू जाऊन ह्यांना शून्य केलंस."

"हो, ताई."

"काल विचारलं तेव्हा शोधतेय म्हणालीस."

"खोटं बोलले."

"खोली बंद झाली ते चांगलं झालं," ती म्हणाली. "तू बोललीस तेही चांगलंच केलंस, दुसऱ्या कुणावर ढकललं असतंस तर मला कळलंही नसतं. पण मला तुझा राग आलाय. फार आलाय. तू आज घरी येऊ नकोस."

"बरं. उद्या येऊ?"

"उद्याचं उद्या बघू." तिने पर्समधून रुमाल काढला आणि डोक्याला घट्ट बांधला, कामावर जाताना बांधते तसा. मी घड्याळ बघितलं. पाऊण वाजला होता. सुनावणीसाठी तिला एकपर्यंतच सुट्टी मिळाली होती.

"ताई, आज जाऊ नकोस," मी म्हटलं. "हुकूम झालाय ना."

"उद्यापासून झालाय," ती म्हणाली, आणि सुजलेला पाय जपत जिना उतरून गेली.